पावसाळा वगळून समुद्र मोजता येत नाही

२०२३ च्या अखेरीस कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हिरव्या शिंपल्याचा, म्हणजे ‘पर्ना विरिडिस’ या मसलचा, गुणसूत्र पातळीवरील जनुकीय आराखडा जाहीर केला. सुमारे ७२.३ कोटी बेस-जोड्या, १५ गुणसूत्रे आणि प्रथिने घडवणारी ४९,६५४ जनुके. या प्राण्यात कर्करोगाशी संबंधित जैविक मार्गांतील जनुकेही आढळल्यामुळे देशभरच्या बातम्यांचे मथळे तिकडे वळले. काम मोलाचे आहे आणि त्याचे कौतुक योग्यच आहे. मात्र त्या आनंदात एक लहान, बिनझगमगाटाचा प्रश्न मागे पडला. हाच शिंपला जानेवारीत रोगजंतूंशी जसा लढतो, तसाच जुलैमध्ये लढतो काय?

जनुके वर्षभर तीच राहतात, प्राणी मात्र वर्षभर तोच राहत नाही. भारतीय किनाऱ्याच्या आरोग्याबद्दल जे दावे केले जातात, त्यांतील बरेचसे या साध्या सत्याकडे पाठ फिरवून केले जातात. वर्षातील सर्वांत कठीण ऋतू मोजणीतून वगळायचा आणि उरलेल्या सोप्या ऋतूंवरून समुद्राला आरोग्याचे प्रमाणपत्र द्यायचे, ही पद्धत विज्ञानाच्या नावावर खपवली जात आहे. ती थांबली पाहिजे.

प्रथम शिंपल्याच्या शरीरातील व्यवस्था समजून घ्यावी लागेल. मसलला पळता येत नाही. खडकाला किंवा दोराला चिकट तंतूंनी स्वतःला बांधून घेतल्यावर तो ताशी काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो. समुद्राच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारणतः दहा लाख जिवाणू असतात. म्हणजेच अन्न मिळवण्याचा त्याचा मार्ग हाच रोगजंतूंच्या प्रवेशाचाही मार्ग आहे. असे असूनही त्याच्याजवळ प्रतिपिंडे नाहीत, मनुष्याच्या शरीरात असतात तशा लसिकापेशी नाहीत. त्याची बहुतेक सारी भिस्त हिमोसाइट या रक्तपेशींवर आहे.

त्याचे रक्ताभिसरण खुले असते. हिमोलिम्फ हा द्रव ऊतींच्या मोकळ्या पोकळ्यांतून वाहतो आणि त्यातून हिमोसाइट फिरतात. काही कणिकायुक्त, काही कणिकारहित. जिवाणू दिसला की या पेशी, विशेषतः कणिकायुक्त पेशी, त्याला वेढून गिळतात, ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे सोडून त्याला घायाळ करतात आणि लयकारिकांतील विकरांनी पचवून टाकतात. पेशीने शत्रूला गिळण्याची ही क्रिया एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे ताराम‍ाशाच्या पारदर्शक डिंभकात पाहिली. त्या निरीक्षणातून उभ्या राहिलेल्या कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना मिळाले. पेशीय प्रतिकारशक्तीचे शास्त्र असे समुद्रातील एका अपृष्ठवंशीय जीवापासून सुरू झाले आहे.

या पेशी मोजणे फारसे अवघडही नाही. शिंपल्याच्या कवचबंद स्नायूतून सुईने थोडा हिमोलिम्फ काढायचा, पेशींच्या गुठळ्या होण्यापूर्वी त्या गणनपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. किती पेशींनी यीस्टचे कण गिळले यावरून भक्षणक्षमता कळते. न्यूट्रल रेड हे रंगद्रव्य पेशींच्या लयकारिकांत किती मिनिटे टिकते यावरून त्यांच्या आवरणाची बळकटी समजते. आवरण कमकुवत झाले की रंग पेशीद्रवात झिरपतो. प्रदूषणाचा ताण ओळखण्यासाठी युरोपात ही कसोटी दीर्घकाळ वापरात आहे.

आता ऋतूंकडे वळावे. युरोपच्या किनाऱ्यांवरील ‘मायटिलस’ कुळातील शिंपल्यांवर अनेक वर्षे झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली आहे. हिमोसाइटची संख्या, त्यांच्या प्रकारांचे परस्पर प्रमाण, गिळण्याची क्षमता आणि लयकारिकांची स्थिरता ही सारी मापे वर्षभरात वरखाली होतात. तापमान, अन्नाची उपलब्धता आणि प्रजनन ही त्यामागील मुख्य कारणे. प्रजननकाळात प्राणी आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा युग्मके तयार करण्यात ओततो. ती पाण्यात सोडून झाली की तो रिकामा, थकलेला असतो. त्याच सुमारास पाणी जिवाणूंना पोषक झाले तर संरक्षण तोकडे पडते. पॅसिफिक कालवांमध्ये उन्हाळ्यात होणाऱ्या सामूहिक मृत्यूंच्या मुळाशी ऊबदार पाणी, प्रजननाचा थकवा आणि रोगजंतू यांची हीच युती असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. पेशींची संख्या वाढली म्हणजे प्राणी सशक्त झाला असे म्हणता येत नाही. संख्या वाढण्याचा अर्थ नव्या पेशी तयार होणे हा असू शकतो, तसाच धोक्याच्या चाहुलीने ऊतींतील पेशी प्रवाहात येणे हाही असू शकतो. एकच आकडा मार्चमध्ये स्वास्थ्याची खूण ठरेल आणि ऑगस्टमध्ये संकटाची. म्हणून या आकड्याला तारीख चिकटलेली नसेल तर तो आकडा मुका असतो.

युरोपातील वर्ष मुख्यतः तापमानाने आखले जाते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील वर्ष मोसमी पाऊस आखतो. केरळच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात काय काय घडते ते एकत्र मांडले, तर वगळलेल्या ऋतूचे वजन ध्यानात येईल. नद्यांचे गोडे पाणी खाड्यांत आणि किनारी पट्ट्यात घुसते व क्षारता झपाट्याने खाली येते. त्याच महिन्यांत खोल थरांतील गार, ऑक्सिजनची वाण असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. पश्चिम किनाऱ्यालगतच्या या ऑक्सिजन-टंचाईची तीव्रता गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडली होती. पोषकद्रव्यांमुळे प्लवकांचा बहर येतो, म्हणजे अन्न विपुल होते. जमिनीवरील सांडपाणी, शेतातील रसायने आणि गाळ याच पाण्याबरोबर समुद्रात उतरतो. आणि पश्चिम किनाऱ्यावरील हिरव्या शिंपल्याच्या प्रजननाचा मुख्य हंगामही हाच.

गोडे पाणी, गार पाणी, ऑक्सिजनची उणीव, अन्नाची सुबत्ता, जमिनीवरची घाण आणि प्रजननाचा खर्च, हे सहाही घटक एकाच प्राण्याच्या शरीरावर एकाच चार महिन्यांत येऊन आदळतात. त्याच्या रक्तपेशींची खरी परीक्षा तेव्हा होते. परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहून सुट्टीच्या दिवशी गुणपत्रिका भरणाऱ्या शिक्षकाला कोणी शिक्षक म्हणणार नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागलेले नाही. कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना परिसरात १९९० च्या दशकापासून दोरांवर शिंपल्यांची शेती होते आणि तिथल्या अनेक महिला बचत गटांचा संसार तिच्यावर चालतो. मलयाळीत ‘कल्लुम्मक्काय’ म्हणून ओळखला जाणारा हा शिंपला गोव्यात ‘शिनाणे’ म्हणून ताटात येतो. पडन्नातील या शेतीचे वेळापत्रक सरळ आहे. पाऊस ओसरल्यावर, पाणी पुन्हा खारे झाले की नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास बीज दोरांना बांधायचे आणि पुढचा पाऊस खाडी गोडी करण्याआधी माल काढून घ्यायचा. या स्त्रियांनी पावसाळ्याला जेवढे मानले आहे, तेवढे पर्यावरणाच्या सरकारी मोजमापाने मानलेले नाही.

हे विधान कठोर वाटेल, पण त्याचा पुरावा सरकारी कागदांतच आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेसोबतच्या स्पष्टीकरणात ‘जलद’ मूल्यांकनाची व्याख्याच अशी होती की, वेळ वाचवण्यासाठी पावसाळा सोडून अन्य एका ऋतूची माहिती गोळा करणे पुरेसे मानावे. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनेही अनेक प्रकल्पांसाठी सागरी घटकासह जलद मूल्यांकन मागितले. पावसाळा वगळून एका हंगामाची आधाररेषा, ही सवय कागदावरून कागदावर उतरत राहिली.

या सवयीचे मूळ शोधले तर ते हवेत सापडते. पावसात धूळ खाली बसते, हवा धुऊन निघते. त्यामुळे हवेची वाईट अवस्था टिपायची तर कोरडा ऋतू निवडावा, हे हवेपुरते योग्यच आहे. पण हवेतून धुतलेली ती धूळ कुठे जाते? रस्त्यावरचे तेल, गटारातील मैला, शेतातील कीटकनाशक कुठे वाहून जाते? समुद्रात. हवेसाठी जो ऋतू स्वच्छ, तोच किनाऱ्यासाठी मळलेला. हवेचा नियम उचलून समुद्राला लावणे म्हणजे सर्वांत वाईट अवस्था टिपण्याच्या नावाखाली नेमकी तीच सोडून देणे होय.

याचा परिणाम केवळ शास्त्रीय त्रुटीपुरता राहत नाही, तो न्यायाचा प्रश्न बनतो. किनाऱ्यावर शिंपले मेले, तर कारण काय, असा प्रश्न उठतो. तेव्हा एक उत्तर कायम तयार असते: ऋतुमानामुळे. पाणी गोडे झाले, प्रजननानंतरचा थकवा आला, निसर्गाचा भाग आहे. हे उत्तर कधी खरे असेल, कधी खोटे. ते तपासण्याचे साधन मात्र कोणाच्याच हाती नसते, कारण सामान्य वर्षात, प्रदूषणाच्या घटनेविना, त्या महिन्यात त्या जागी हिमोसाइटची स्थिती काय असते हे मोजूनच ठेवलेले नसते. मोजणीत गैरहजर ठेवलेला पावसाळा चौकशीत मात्र आरोपी म्हणून हजर केला जातो आणि त्याच्याआड खरा आरोपी, असलाच तर, निघून जातो.

चेन्नईजवळच्या एन्नोरचे उदाहरण घ्यावे. २८ जानेवारी २०१७ रोजी कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल किनाऱ्याला लागले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुरात औद्योगिक परिसरातले तेल एन्नोरच्या खाडीत पसरले. परिसर एक, संकट तेलाचेच. पण पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. पहिली घटना तो हंगाम सरल्यानंतरची, दुसरी ऐन पुरातली. डिसेंबरमध्ये तेथील शिंपल्यांच्या पेशी दुबळ्या आढळल्या, तर त्यात तेलाचा वाटा किती आणि गोड्या पाण्याचा किती, हे सांगण्यासाठी तेलाविनाच्या डिसेंबर महिन्यांची नोंद हवी. ती नसेल तर तज्ज्ञाचे मत हे केवळ मतच राहते आणि मतावर कोणाला भरपाई मिळत नाही.

याच उदाहरणातून दुसरेही एक सत्य निघते. देशाला एकच पावसाळा नाही. केरळात शिंपल्यांसाठी जो काळ सुखाचा, तोच तमिळनाडूत संकटाचा असू शकतो. दिल्लीत बसून संपूर्ण किनाऱ्यासाठी एक ‘योग्य महिना’ ठरवणे म्हणूनच निरर्थक आहे.

आधाररेषा ही उद्योगांच्या विरोधातील मागणी आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. एखाद्या कारखान्यावर शिंपले मारल्याचा आरोप झाला आणि ती घट दरवर्षी त्या महिन्यात तेवढीच होते असे नोंदींतून दिसले, तर त्याच नोंदी त्या कारखान्याला निर्दोष ठरवतील. चांगले मोजमाप कोणाचीही बाजू घेत नाही. ते नको असते फक्त अशालाच, ज्याचे हित संदिग्धतेत आहे.

आता प्रतिवाद पाहू जाता, सर्वांत वजनदार प्रतिवाद युरोपच्याच अनुभवातून येतो. तेथील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, शिंपल्यांचे नमुने प्रजननाचा काळ टाळून, शरीरक्रिया स्थिर असताना घ्यावेत. मग भारताने पावसाळा टाळला तर बिघडले कुठे? उत्तर असे की, युरोपने आधी वर्षाचे चक्र मोजले, मग त्यातला एक काळ जाणीवपूर्वक निवडला. दरवर्षी त्याच काळात मोजून दीर्घकालीन कल पाहणे हा त्यामागचा हेतू. भारतातील वगळणे ज्ञानातून आलेले नाही, घाईतून आले आहे. शिवाय हेतूही वेगळा आहे. दशकांचा कल पाहायचा असेल तर शांत महिना निवडणे रास्त ठरते. पण नव्या बंदराचा गाळ किंवा नव्या नळीतून येणारे सांडपाणी किनाऱ्याला सोसवेल काय, हे ठरवायचे असेल तर प्राणी सर्वांत दुबळा असतो तोच महिना पाहावा लागतो. पुलाची भारक्षमता रिकाम्या रस्त्यावरून ठरवली जात नाही.

दुसरा प्रतिवाद असा की, ज्या मापांत ऋतूनुसार एवढी चढउतार होते ती मापे निरीक्षणाला कामाचीच नाहीत. हा युक्तिवाद ऐकायला चतुर आहे, पण मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीच्या नोंदी तो खोडून काढतात. तेथील समुद्रपातळीची मालिका १८७८ पर्यंत मागे जाते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी काही तासांत चार-पाच मीटर वरखाली होते. हवामानबदलामुळे होणारी वाढ मात्र वर्षाला मिलिमीटरांत मोजण्याइतकी. हेलकावा खुणेपेक्षा हजारो पटींनी मोठा असूनही खूण सापडली, कारण कोणीतरी दीडशे वर्षांच्या आसपास न कंटाळता नोंद ठेवली. चढउतार हा मोजणीचा शत्रू नाही. चढउतार ठाऊक नसणे हा शत्रू आहे.

तिसरा प्रतिवाद म्हणतो की, पाण्याचे रासायनिक परीक्षण होतच असते, ते पुरेसे आहे. परंतु पाण्याचा नमुना त्या एका क्षणाचा साक्षीदार असतो. पुढच्या ओहोटीबरोबर ते पाणी निघून जाते. याच कारणास्तव एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांनाच समुद्राचे पहारेकरी नेमण्याची कल्पना मांडली आणि अमेरिकेत १९८६ पासून त्यावर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शिंपल्याच्या मांसात विष किती साठले हे त्या पहाऱ्यातून कळते. साठलेल्या विषाने प्राण्याची लढण्याची ताकद किती घटली, हे सांगण्यासाठी पेशींकडेच जावे लागते. गोदामात माल किती आहे आणि मालकाची प्रकृती कशी आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

चौथा मार्ग उसनवारीचा. युरोपात न्यूट्रल रेड कसोटीसाठी ठरलेली मोजपट्टी अशी आहे: रंग १२० मिनिटे किंवा अधिक टिकला तर प्राणी निरोगी, ५० ते १२० मिनिटांच्या दरम्यान ताणाखाली पण सावरणारा, ५० हून कमी तर गंभीर ताणाखाली. ही मोजपट्टी प्रामुख्याने थंड पाण्यातील प्राण्यांच्या अनुभवातून आली आहे. भारतीय हिरव्या शिंपल्यासाठी ती जशीच्या तशी वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढवून आपण जाड की बारीक हे ठरवणे. हिरव्या शिंपल्यावर हाँगकाँगमध्ये प्रयोग झाले आहेत. पाण्यात ऑक्सिजन कमी आणि उष्णता जास्त असता हिमोसाइटची गिळण्याची क्षमता घटते, असे त्यांतून दिसले. ते मार्गदर्शक आहेत, पण केरळच्या पावसाळ्यात ऑक्सिजनची उणीव उष्णतेबरोबर येत नाही, गार पाण्याबरोबर येते आणि वर गोड्या पाण्याचा थर असतो. ही नेमकी जुळणी ज्या किनाऱ्यावर आहे, तिथेच ती मोजावी लागेल.

उरला प्रतिवाद अडचणींचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, खडकांवर जाणे जिवावर बेतू शकते. हे खरे आहे आणि कोणीही विद्यार्थ्याला उसळत्या लाटांत उतरवू नये. पण हिरवा शिंपला केवळ उघड्या खडकांवर नसतो. तो खाड्यांच्या मुखाशी, धक्क्यांच्या खांबांवर आणि आडोशाच्या दोरांवरही वाढतो. अशा सुरक्षित जागी पिंजऱ्यांत शिंपले ठेवून वर्षभर नमुने घेता येतात. नाव लागत नाही, वादळाशी झुंजही नाही.

खर्चाचे म्हणाल तर हिशेब साधा आहे. कासरगोड, गोवा, कोकणातील एखादी खाडी, चेन्नई आणि काकीनाडा, अशी पाच ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी दरमहा सारख्या आकाराचे ३० शिंपले. सलग २४ महिने. एकूण ३,६०० शिंपले. लागणारी मुख्य साधने म्हणजे सूक्ष्मदर्शक, गणनपट्टी, रंगद्रव्य, तापमापक, क्षारतामापक आणि ठरलेल्या दिवशी हजर राहणारी माणसे. यांतील बहुतेक साधने किनाऱ्यावरील प्राणिशास्त्र विभागांत आजही असतात. कौशल्याचीही वानवा नाही. कलकत्ता विद्यापीठातील संशोधकांनी गोड्या पाण्यातील ‘लॅमेलिडेन्स’ शिंपल्याच्या हिमोसाइटवर आर्सेनिकचा काय परिणाम होतो, हे याच प्रकारच्या कसोट्यांनी तपासले आहे. उणीव आहे ती चिकाटीला मान देणाऱ्या व्यवस्थेची. जनुकीय आराखड्याची बातमी होते, चोविसाव्या महिन्याच्या मोजणीची होत नाही. पण त्या आराखड्यातील प्रतिकारक्षमतेची जनुके कधी जागी होतात आणि कधी निपचित पडतात, हे विचारायचे असेल तर त्यासाठीही पंचांग हेच लागणार आहे. आराखडा आणि पंचांग हे प्रतिस्पर्धी नव्हेत. पहिल्यावरचा खर्च दुसऱ्याअभावी अर्धा वाया जातो.

आणि यात विलंबाला किंमत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०२२ मधील अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरात सागरी उष्णतेच्या लाटांची संख्या दर दशकाला सुमारे दीडने वाढत आली आहे. म्हणजे ज्याला ‘सामान्य वर्ष’ म्हणावे ते वर्षच सरकत चालले आहे. आज न मोजलेली आधाररेषा दहा वर्षांनी मोजता येणार नाही, कारण तेव्हा मोजायला तो समुद्रच उरलेला नसेल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. समुद्राला स्पर्श करणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाच्या मूल्यांकनात त्या किनाऱ्याचा स्वतःचा पावसाळा समाविष्ट करणे बंधनकारक व्हावे आणि पावसाळा वगळलेली जैविक माहिती अपूर्ण मानली जावी. दोन्ही किनाऱ्यांवर हिरव्या शिंपल्याच्या हिमोसाइटची मासिक आधाररेषा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून उभी राहावी आणि तिचे आकडे सर्वांना खुले असावेत. शिंपल्यांवरील कोणत्याही अहवालात नमुन्याची तारीख, भरतीची वेळ, क्षारता, तापमान, ऑक्सिजन आणि जननग्रंथीची अवस्था यांच्या नोंदीशिवाय पेशींचा आकडा छापला जाऊ नये.

विद्यार्थ्यांच्या हाती याहून साधे हत्यार आहे. ‘प्रदूषणामुळे शिंपल्यांची प्रतिकारशक्ती घटली’ किंवा ‘किनारा निरोगी आहे’ अशी बातमी समोर आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. नमुने कोणत्या महिन्यात घेतले? तुलना त्याच महिन्यातील कोणत्या शिंपल्यांशी केली? त्या वेळी प्राणी प्रजननाच्या कोणत्या टप्प्यावर होता? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो दावा भीतीचा असो वा दिलाशाचा, दोन्ही सारखेच पोकळ.

पडन्नाच्या खाडीत पाऊस येण्याआधी दोर ओढून घेणाऱ्या स्त्रीला आपला शिंपला कोणत्या महिन्यात तग धरणार नाही हे पक्के ठाऊक आहे. ते ज्ञान आकड्यांत उतरवणे एवढेच काम विज्ञानापुढे आहे. ते करण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेला कुलूप न लावण्याची गरज आहे.